मुलास दंतवैद्याकडे नेण्यापूर्वीं

ज्या मनुष्यानें ३८ वर्षें प्राथमिक शाळेंत मुलांकडून ‘नेहमीं खरें बोलावें’ हा कित्ता गिरवून घेतला, त्यानेंच वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं आपल्या पांच वर्षांच्या नातवाशीं धडधडीत खोटें बोलावें, आणि तेंहि गणपतीचें नांव पुढें करून, हें वाचून वाचक भगिनींना नवल वाटेल. परंतु घडलें तें असें. या विषयावर लिहिण्याचा मला कांहींएक अधिकार नाहीं असें कालपर्यंत वाटत होतें. तो अधिकार या अपराधानेंच मला मिळवून दिला आहे.

आमच्या नातवाची खालची उजवी दाढ दोन-तीन महिन्यांपासून काळवंडली होती. घरांतील आम्हां वडीलधाऱ्यांना तें दिसत होतें. पण ‘दुधाची दाढ, आज ना उद्यां पडायचीच’ असें म्हणून आम्हीं तिकडे काणाडोळा केला. मग एका रात्रीं दोनच्या सुमारास मूल गालाला हात लावून कळवळत उठलें. लवंगेच्या तेलाचा बोळा झाला, कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा झाल्या, आजीच्या मांडीवर थोपटणें झालें, आणि कशीबशी सकाळ झाली. सूनबाईनें दंतवैद्यांची वेळ ठरविली आणि म्हणाली, “बाबा, मी त्याला जवळ घेऊन नीट सांगतें, मग आपण नेऊं.” मला तें पटलें नाहीं. जन्मभर चाळीस-चाळीस पोरें एका खोलींत सांभाळलेला मी. मला कोणी मुलें हाताळावयास शिकवावें? मीं म्हटलें, “सांगत बसलीस तर उंबरठ्यापाशींच भोकाड पसरील. तूं माझ्यावर सोंपव.” आणि नातवाला हांक मारून म्हणालों, “चल रे, सारसबागेच्या गणपतीला जाऊन येऊं.”

स्वारी आनंदानें टोपी घालून निघाली. रिक्षा भलत्याच रस्त्याला एका दुमजली इमारतीपुढें थांबली. दुर्दैव असें कीं, अक्षरें जोडून वाचावयास त्याला मींच शिकविलें होतें. उतरतां उतरतां त्यानें पाटी वाचली, ‘दं-त-वै-द्य’, आणि वर माझ्याकडे पाहिलें. रडला नाहीं, हातपाय आपटले नाहींत. “आजोबा, हा गणपती नाहीं,” एवढेंच म्हणाला, आणि ओठ मिटले ते घरीं येईपर्यंत उघडले नाहींत.

दंतवैद्य एक तरुण बाई होत्या. त्यांनीं दोन-तीन वेळां गोडीगुलाबीनें तोंड उघडावयास सांगून पाहिलें. मीच अधीर होऊन म्हणालों, “दोघांनीं हात धरा हो, मिनिटाचें तर काम.” बाईंनीं हातमोजे काढून ठेवले. “काका, हात धरून मी आज दाढ बघेन, पण मग पुढचीं पंधरा वर्षें हा कुठल्याच दंतवैद्याच्या दारांत पाऊल टाकायचा नाहीं. सूज नाहीं, ताप नाहीं. दुखणं थांबायला औषध देतें. आठ दिवसांनीं आणा. आणि येतांना कुठें चाललों आहों तें त्याला सांगून आणा.” वर्गांत छडी चालविल्याबद्दल मुख्याध्यापकांनीं खोलींत बोलावून घ्यावें, तसा मी मान खालीं घालून बाहेर पडलों.

खरी शिक्षा पुढेंच होती. चार दिवसांनीं मीं त्याला खरोखरच सारसबागेंत न्यावयाचें ठरविलें. चप्पल घालतांना त्यानें विचारलें, “खरंच गणपतीला का?” रिक्षांत बसतांना पुन्हां विचारलें. तळ्यांतल्या गणपतीचें देऊळ समोर दिसूं लागलें तरी तिसऱ्यांदा विचारलें. एरव्हीं माझ्या शब्दावर डोळे मिटून विहिरींत उडी घेईल असें हें पोर! गाभाऱ्यापुढें आल्यावर मला म्हणाला, “आतां गणपतीला सांगा, मी खोटं बोललों म्हणून.” शेजारीं दर्शनाला आलेलीं चार माणसें उभीं होतीं. मीं सांगितलें. मग बाहेर बाकावर बसून त्यालाहि सांगितलें, कीं माझें चुकलें, पुन्हां तुला न सांगतां कोठेंहि नेणार नाहीं. मुलाची क्षमा मागण्याची आमच्या पिढीला संवय नाहीं. शब्द घशांत अडकतात. पण दंतवैद्याकडे जाण्याची आमची तयारी सुरू झाली ती त्या बाकावर.

मी खोटें कां बोललों, याचा पुढें एकान्तांत विचार केला, तेव्हां मूळ बरेंच मागें सांपडलें. १९६६ सालीं मी सात वर्षांचा असतांना सातारा जिल्ह्यांतील आमच्या गांवीं माझा एक दांत काढण्यांत आला. काढणारे गृहस्थ वैद्य नव्हते. त्यांचा हात धीट, एवढीच त्यांची ख्याति. चुलत्यांनीं पुढें पेढा धरून “आ कर” म्हटलें, आणि पेढ्यामागून पकड आली. दोघांनीं पाय धरले होते. दंतवैद्यकांत आज सर्वत्र वापरतात तें लिडोकेन नांवाचें बधिर करणारें औषध स्वीडनमध्यें निल्स लोफ्ग्रेन यानें १९४३ सालीं तयार केलें होतें आणि १९४८ पासून तें बाजारांत मिळत होतें. पण अठरा वर्षांत तें आमच्या गांवच्या वेशीपर्यंत आलें नव्हतें. त्या दिवसानंतर मी ४४ वर्षें दंतवैद्याची पायरी चढलों नाहीं. दुखलें तर लवंग, फारच दुखलें तर उपास. अखेर २०१० सालीं गेलों तेव्हां नऊ दांत जाण्याच्या पंथाला लागले होते. आज माझी कवळी रात्रीं पेल्यांत असते, आणि नातू तिला रोज ‘आजोबांचे दांत झोपले’ म्हणून निरोप देतो. सांगण्याचें तात्पर्य, ‘सांगितलें तर मूल घाबरेल’ असें जें मला वाटलें, तें मुलाचें भय नव्हतेंच. तें १९६६ सालचें माझें भय होतें, आणि तें मी त्याच्या खात्यावर मांडीत होतों.

मूल जन्मतः पुष्कळ गोष्टींना भितें. पण दंतवैद्याला भिणें त्याला आपण शिकवितों, आणि तें शिक्षण घरांत दिवसभर चाललेलें असतें. “जेवला नाहींस तर डॉक्टर सुई टोंचतील,” हें वाक्य कोणत्या घरांत ऐकूं येत नाहीं? ज्याच्यापाशीं संकटांत जावयाचें, त्यालाच आपण बागुलबुवा करून ठेवतों आणि मग आयत्या वेळीं “किती चांगले आहेत हो डॉक्टरकाका!” अशी सारवासारव करतों. मोठीं माणसें आपल्या दाढेच्या मूळ-उपचाराचीं वर्णनें तर अशीं रंगवितात, कीं पानिपतची बखर फिकी पडावी. मूल कोपऱ्यांत ठोकळे मांडीत असतें, कान मात्र आपल्याकडे असतात.

आमच्या घरीं एक शब्द असाच नडला. ‘दांताला कीड लागली’ असें आपण सहज म्हणतों. क्षमायाचनेनंतर दुसऱ्या दिवशीं नातवानें हळूच विचारलें, “आजोबा, किडा रात्रीं चालतो का?” चार दिवस हें मूल तोंडांत एक जिवंत किडा वळवळत आहे अशा समजुतीनें झोपत होतें! मग त्याला सांगितलें कीं किडा वगैरे कांहीं नसतो. खाल्लेल्या गोडाचे कण दांताला चिकटून राहतात, त्यांवर डोळ्यांना न दिसणारे जंतू जगतात, त्यांच्यापासून आंबट रस होतो, आणि त्या रसानें दांत झिजून खळगा पडतो. डॉक्टरबाई तो खळगा स्वच्छ करून बुजवितात, जसा आपण भिंतींतला खळगा बुजवितों. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. मुलाला काय सांगावें याच्याइतकेंच त्यानें काय ऐकलें आहे हें विचारणें अवश्य आहे.

येथें एक पंतोजीछाप विषयांतर करतों, त्याची क्षमा असावी. संस्कृतांत दांताला ‘द्विज’ म्हणतात. पक्षी अंड्यांतून, ब्राह्मण उपनयनानें आणि दांत हिरडींतून, असे तिघेहि दोनदां जन्मतात. काश्यपसंहितेंत दांतांच्या जन्मावर एक स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यांत एकदांच उगवणारे दांत व दोनदां उगवणारे दांत असा भेदहि केलेला आहे. आजच्या शास्त्राचा हिशेब असा: दुधाचे दांत २०, ते सहाव्या महिन्याच्या सुमारास येऊं लागून अडीच-तीन वर्षांत पुरे होतात. समोरचे साधारण सहाव्या-सातव्या वर्षीं पडतात. पण मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत मुलाला चावण्यासाठीं लागतात, आणि खालीं तयार होणाऱ्या कायमच्या दांतांची जागाहि त्याच राखून ठेवतात. त्यांचें वरचें कवच पातळ असतें, त्यामुळें खळगा आंतल्या नसेपर्यंत लवकर पोहोंचतो. तेव्हां पांचव्या वर्षीं किडलेल्या दाढेला ‘पडायचीच आहे’ म्हणणें म्हणजे पांच-सात वर्षें मुलाला दुखऱ्या दाढेवर जेवावयास लावणें होय. याहून मोठा घोटाळा सहाव्या वर्षीं होतो. त्या वेळीं सर्वांत मागें, कोणताहि दांत न पाडतां, एक नवी दाढ मुकाट्यानें येते. आईबापांना ती दुधाचीच वाटते. ती असते कायमची. ती गेली कीं तिच्या मागून येणारें कोणी नाहीं.

म्हणून पहिली भेट दुखण्याआधींच व्हावी. पहिला दांत आल्यापासून सहा महिन्यांत, निदान पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदां दाखवून आणावें, असें बालदंतवैद्य आतां सांगतात. हें ऐकून माझ्या सौभाग्यवतीनें “दोन दांतांचें काय दाखवायचं?” असें विचारलें, माझाहि प्रश्न तोच होता. पण त्या भेटींत बहुतेक कांहींच करावयाचें नसतें, आणि तोच तिचा लाभ. आई आणि वैद्य गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, मूल आईकडे तोंड करून मांडीवर, आणि मग त्याचें डोकें वैद्याच्या मांडीवर अलगद टेकवतात. मिनिटभर पाहणें, दोन शब्द, कीं संपलें. मूल कदाचित् रडेल, आणि त्या वयांत रडणें योग्यच आहे. पण ती खुर्ची, तो दिवा, तो वास पुढें परका राहत नाहीं. आमच्या नातवाची त्या जागेशीं पहिली ओळख झाली ती रात्रभर ठणकलेल्या दाढेसह आणि आजोबांच्या असत्यासह.

घरीं रोज करावयाची तयारी याहूनहि सोपी आहे. सुश्रुतानें दंतकाष्ठ बारा अंगुळें लांब आणि करंगळीइतकें जाड असावें असें माप देऊन ठेवलें आहे. आजच्या मातेला माप हवें तें पेस्टचें. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहापर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते, आणि सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश शेवटीं मोठ्या माणसानें फिरवावा. रात्रीं मुलाचें डोकें मांडीवर घेऊन, दिव्याखालीं तोंड उघडून दांत घासून देण्याची रीत ज्या घरीं आहे, तेथील मुलाला ‘आ’ करून दुसऱ्याला तोंडांत पाहूं देण्याची संवय आपोआप लागलेली असते. दुधाची बाटली तोंडांत ठेवून मूल झोपविण्याची रीत मात्र ज्या घरीं असेल, तेथें ती आजच बंद करावी. वरचे पुढचे दांत त्यानेंच खलास होतात.

आतां त्या आठ दिवसांविषयीं. सूनबाईनें सूत्रें हातीं घेतलीं आणि मी तिचा विद्यार्थी झालों. तिनें चमचा व हातांतला आरसा घेऊन घरांत दवाखाना मांडला. पहिला रोगी अस्वल, दुसरा मी. नातवानें माझे दांत मोजले, कवळी पाहून “हे सगळे खोटे” असा निकाल दिला, आणि स्वतः आरशांत पाहून आपले वीस मोजले. मग आईनें त्याचे मोजले. अमेरिकेंतील ॲडल्स्टन नांवाच्या दंतवैद्यानें १९५९ सालीं हीच पद्धति शास्त्रांत मांडली, तिचें सूत्र तीन शब्दांचें आहे: सांगा, दाखवा, करा. जें करावयाचें तें आधीं मुलाला समजेल अशा शब्दांत सांगावें, मग बोटावर किंवा खेळण्यावर करून दाखवावें, आणि सांगितलें तेवढेंच करावें. उत्तम शिक्षक पाटीवर अक्षर शिकवितांना याहून निराळें काय करतो? मला हें ठाऊक असावयास हवें होतें.

या खेळांत एके दिवशीं प्रश्न आला, “गणपतीचा दांत कोणत्या डॉक्टरांनीं काढला?” परशुरामाच्या परशूनें तो तुटला अशी एक कथा आहे, महाभारत लिहून घेतांना लेखणी हवी म्हणून गणपतीनें स्वतःच मोडून घेतला अशी दुसरी. मीं दोन्ही सांगितल्या. दुसरी त्याला मुळींच पटली नाहीं. “पेन्सिल कां नाहीं घेतली?” म्हणाला.

‘दुखेल का?’ हा प्रश्न कधीं तरी येणारच, आणि तेथेंच आपली परीक्षा असते. ‘मुळींच दुखणार नाहीं’ हें खोटें वचन. ‘घाबरूं नकोस’ हें त्याहून वाईट, कारण घाबरण्यासारखें कांहीं तरी आहे ही बातमी मुलाला त्यांतूनच मिळते. आणि ‘एवढी मोठी सुई टोंचतील, पण तूं शूर आहेस ना?’ हें सर्वांत वाईट. बाईंनीं सांगितलें होतें कीं उपकरणांचें वर्णन घरीं करूं नये. तें काम त्यांचें. आपण इतकेंच म्हणावें कीं थोडें चिमटल्यासारखें होईल, तें लवकर थांबेल, आणि मी तेथेंच असेन. मीं तसेंच म्हटलें. शिवाय डावा हात वर केलास कीं बाई थांबतील, हाहि करार त्यांना विचारून आम्हीं केला. रडला नाहींस तर सायकल, असें आमिष दाखविण्याचा माझा बेत सूनबाईनें मोडून काढला. “बाबा, सायकलीएवढं बक्षीस म्हटलं कीं संकटहि तेवढंच मोठं असणार, हें त्याला कळतं,” ती म्हणाली. किती आधीं सांगावें याचाहि विचार असावा. तीन-चार वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशीं पुरतें. त्याच्या ‘पुढच्या आठवड्याला’ अर्थ नसतो, चिंतेला मात्र असतो. मोठ्याला चार दिवस आधीं सांगून प्रश्न विचारूं द्यावे. आणि वेळ घ्यावी ती सकाळची, झोप व न्याहारी झाल्यावरची; शाळेंतून थकून आलेलें मूल कोणाचेंच ऐकत नसतें.

ठरल्या दिवशीं पाटी त्यानें मोठ्यानें वाचली. आंत गेल्यावर छताला एक पडदा होता आणि त्यावर चित्रपटांतलें मांजर धांवत होतें. मीं नाक मुरडलें. पण मूल खुर्चींत निवांत पडून राहिलें, तेव्हां माझें मत मनांतच ठेवलें. बाईंनीं फिरणारा ब्रश आधीं त्याच्या नखावर फिरविला, पाणी ओढणारी नळी पेल्यांत बुडवून तिचा आवाज ऐकविला. मग हिरडीवर बधिर करणारा मलम लावला आणि म्हणाल्या, “आतां दाढेला झोंपवायचं. मुंगी चावल्यासारखं होईल. दहा म्हण.” सातावर डावा हात वर झाला. बाई त्या क्षणीं थांबल्या. त्यानें हात वर तसाच धरून त्यांच्याकडे पाहिलें, त्या खरोखरच थांबल्या आहेत अशी खात्री करून घेतली, आणि हात खालीं घेऊन स्वतःच “आठ” म्हणाला. माझे मात्र डोळे भरून आले होते, म्हणून मी छतावरचें मांजर पाहूं लागलों.

दुखावलेला आंतला भाग काढून औषध भरणें आणि वर पोलादाची टोपी बसविणें याला दोन खेपा लागल्या. टोपी चांदीसारखी चमकते. गल्लींतील सर्व मुलांना ती दाखवून झाली आहे, आणि एक-दोघांनीं आपल्यालाहि हवी म्हणून हट्ट धरल्याचें कळतें. एक सूचना मात्र येथें टांकून ठेवतों. बधिरपणा दोन-तीन तास राहतो. तेवढ्या वेळांत मूल आपला ओठ किंवा गाल गंमत म्हणून चावीत बसतें आणि मग मोठी जखम होते. म्हणून तोंवर खावयास देऊं नये आणि नजर ठेवावी.

घरीं आल्यावर आजीनें, नको असें बजावूनहि, दारांतच विचारलें, “फार दुखलं का रे?”

“थोडंसं,” तो वाकड्या ओठानें म्हणाला. “आजोबांनीं सांगितलं होतं तेवढंच.”

परवां संध्याकाळीं पावसानें उघडीप दिली, तेव्हां मीं त्याला सारसबागेंत चलतोस का म्हणून विचारलें. चप्पल घालतांना त्यानें मान वर करून पाहिलें. “खरंच का?” म्हणाला. या खेपेला एकदांच.